एका दमात

सामना सुरू होण्याआधी मैदानाच्या कडेला माइक जोडत असतानाच वामनरावांना सुखीबाईंचा फोन आला.

"भाऊ, आज शेवटचंच हाय म्हणतेत."

"हो वहिनी. उद्यापासून आपला रेडिओ मैदान बंद."

"मंग यांच्यावानी एक चढाई सांगा. पुरी. अन् मधात गुण नका सांगू. यांचा दम रंगात आला का तुमी मधातच तोंड घालत होते."

वामनराव हसले आणि हो म्हणाले. हा ठपका त्यांना जुना होता.

दारव्ह्यात बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर हे रेडिओ केंद्र सुरू झालं, तेव्हा क्रिकेट सांगणारे ढीगभर होते, पण गावच्या कबड्डीला कोणी वाली नव्हता. कचेरीतले वामनराव गुण सांगायचे, शुद्ध आणि कोरडे. चढाई सांगायचा तो सुखीबाईंचा नवरा नागोराव, कपाशीचा शेतकरी. चढाईच्या गड्यानं दम धरला की हाही धरायचा, आणि गडी रेषेवर परत येईस्तोवर एका दमात सांगत राहायचा. कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून ऐकायच्या. "नागोभाऊ सांगतीन तं खेळतो," म्हणून नेरचा संघ एकदा अडून बसला होता. पुढे सामने मोबाइलवर दिसू लागले आणि ऐकणारे पांगले. गेल्या पोळ्याच्या सुमारास नागोरावही गेला.

वामनरावांना त्याची फार आठवण यायची. बाजारात, बसस्टँडवर, कुठेही त्याचा आवाज कानी पडेल असं वाटायचं. केंद्र बंद होण्याआधी तो आवाज एकदा या माइकवरून जावा, मग आपल्या तोंडून का होईना, एवढंच त्यांना हवं होतं.

उत्तरार्धात नेरचा गडी चढाईला निघाला. वामनरावांनी छाती भरून घेतली.

"निंघाला गडी निंघाला, डावा कोपरा हुंगून राह्यला, पाय टाकला, हुकला, वळला, आता उजवीकडं, हात लागला, लागला का नाही, घोटा धरला, धरला पण सुटून राह्यला, सुटून राह्यला..."

आणि दम सरला. गडी अजून पलीकडेच होता.

वामनरावांचा हात आपसूक शेजारच्या खुर्चीकडे गेला. नागोरावचा दम सरला की तो असाच त्यांच्या मांडीवर थाप मारायचा. वामनराव लगेच गुण सांगायचे, तेवढ्यात नागोराव श्वास भरून घ्यायचा आणि तुटलं तिथून पुढे सुरू करायचा. ही चलाखी दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. आज थाप लाकडावर पडली. गुण सांगायचे नाहीत असं वामनरावांनी कबूल केलं होतं, आणि सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. रेडिओवर नुसता मैदानाचा गलका ऐकू येत राहिला.

सामना संपला. वामनराव वायर गुंडाळत होते, तेव्हा पुन्हा फोन आला. सुखीबाईंचाच होता.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "यांचा दम सरत होता काय? म्हणून तुमी मधात बोलत होते?"

"नाही हो वहिनी," वामनराव म्हणाले. "मलाच गप्प बसवत नव्हतं."