वस्तीचं नवं नाव

आमची वस्ती जागची कधी हलली नाही, नावं तेवढी बदलत राहिली. मी लहान होते तेव्हा तिला पाणवठ्याचं नाव होतं. मग गोऱ्या मालकाच्या गुरांच्या तळाचं आलं, मग नुसता आकडा. यंदा काउन्सिलने हद्द ओढ्यापलीकडे सरकवली आणि मोठ्या मानाने माझ्या वारलेल्या नवऱ्याचं नाव पाटीवर चढवलं. गेलेल्या माणसाचं नाव आम्हा आदिवासींत कुणी उच्चारत नाही. त्यामुळे टाळ्या एकट्या काउन्सिलच्या साहेबाच्याच वाजल्या.

पुढच्याच आठवड्यात माझी नणंद मर्टल हिला श्वास घेता येईना. मी ॲलिस स्प्रिंग्जच्या इस्पितळाला फोन लावला.

"आजी, गाडी कुठे पाठवू? वस्तीचं नाव सांगा."

"तूच एकेक नाव घे गं, मी हो म्हणते."

मर्टल धापा टाकत म्हणाली, "वहिनी, दादाचं नाव घेऊ नकोस हं! पण आटप लवकर, नाहीतर माझंही घेता यायचं नाही."

फोनवरच्या बाईने यादी वाचत वाचत शेवटी ते नाव घेतलं. मी डोळे मिटून हो म्हणाले. गाडी आली, मर्टल वाचली.

हे कळल्यावर साहेब धावत आला. "आजी, आधीच तक्रार का नाही केलीत?"

"तक्रार करायची तर नाव घ्यावं लागलं असतं."

तो खजील झाला. "मग आता कुणाचं नाव देऊ?"

 

"तुझंच दे, बाळा. तू आहेस तोवर तरी आमची सोय होईल."