चोवीस अक्षरं

नाव भरलं गेलं. पासवर्डची चौकट रिकामीच.

घड्याळजीने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पासवर्ड लक्षात ठेवणारं त्याचं सॉफ्टवेअर संगणकावर कुठलीही चौकट आपणहून भरायचं. मोबाइलवरच्या या एका ॲपशी मात्र त्याचं वाकडं होतं. ॲप पासवर्ड कॉपी करून चिकटवूही देत नव्हतं. सकाळच्या अपडेटनंतर त्याने घड्याळजीला लॉग-आउट केलं होतं, आणि मुलीचा फोन आत्ता कुठे आहे ते फक्त त्यातच दिसणार होतं.

मुलगी सकाळीच बॅग घेऊन गेली होती. मागच्या वेळी मैत्रिणीच्या घरून त्याने तिला वेणीला धरून आणलं, तेव्हा तिचा हात मोडला होता. या वेळी पाय मोडतो, असं तो म्हणाला होता. तो बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता.

"संगणकावर बस," तो बायकोला म्हणाला. "पासवर्ड उघडलाय. वाच, मी टाकतो."

"अहो, जाऊ द्या ना तिला. वीस वर्षांची आहे."

मूठ तोंडावर बसली. तिचा ओठ फाटला. त्याने हात झटकला. तिने रक्त गिळलं आणि वाचायला लागली.

प्रयत्न पहिला.

मोठा के. सात. लहान क्यू. टिंब. चोवीस अक्षरं, सॉफ्टवेअरनेच जुळवलेली, कुणाच्या तोंडी बसू नयेत अशी. फोनवर एकेकाचा काळा ठिपका होत गेला.

चुकीचा पासवर्ड.

"लेकीला वाचवतेस?" बरगडीत. मग पाठीत.

प्रयत्न दुसरा.

"शाळेत काय नुसती बाकं पुसलीस? सावकाश वाच."

तिने सावकाश वाचलं.

चुकीचा पासवर्ड.

ती वाकली, म्हणून मूठ भिंतीला लागली. पोपडा निघाला. वाकल्याबद्दल वेगळी लाथ.

तिसरा. कानशिलात.

चौथा. केसांना धरून डोकं टेबलाच्या कडेवर. आता पडदा तिला एकाच डोळ्याने दिसत होता.

पाचवा. फक्त अक्षरं. मोठा के. सात. लहान क्यू. टिंब. शेवटचा ठिपका उमटला.

उद्या या वेळेपर्यंत खातं बंद.

फोन फरशीवर फुटला. ती त्याच्याच शेजारी पडली. पुढच्या लाथा तिने मोजल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी रुग्णालयात नर्सने स्वतःचा फोन तिच्या कानाला लावून धरला.

"आई, मी पोचले. लांब आहे खूप. त्यांना नाही सापडायची आता." मुलगी रडत होती. "शेजारच्या काकूंनी सांगितलं सगळं. भिंतीतून ऐकू येत होतं म्हणे. एवढा मार खाल्लास, पण पाचही वेळा चुकीचं वाचलंस. माझ्यासाठी."

आईच्या ओठाचे टाके ओढत होते.

"मी एकही अक्षर चुकवलं नाही गं, बाळ," ती म्हणाली. "फार भ्याले मी. मारून मारून त्यांचीच बोटं सुजली होती."