चाकामागचा दगड

तिरल्याचा चढ आला की कृष्णाजी स्टिअरिंग घट्ट धरत. संस्थानच्या दरबाराने टाकून दिलेली जुनी मोटार, तिची मागची बाजू कापून केलेली सामानगाडी, आणि त्यामागे जोडलेला चिऱ्यांनी भरलेला गाडा. चढावर मोटार हमखास बंद पडायची. म्हणून त्यांचा मदतनीस नानूराम हातात दगड घेऊन गाड्यामागून चालत यायचा. मोटार थांबली की चाकाला दगड लावायचा. पुन्हा सुरू झाली की काढायचा, आणि गाड्याच्या फळीवर दोन थापा मारायचा. मग निघायचं.

"भिया, जरा बैठा लो," तो कधी दमून आपल्या माळवी हिंदीत म्हणे.

"आधीच ओझं काय कमी आहे?" कृष्णाजी खेकसत.

कार्तिकात नानूराम तापाने गेला.

आज कृष्णाजी एकटेच निघाले होते. भर दुपारी, ऐन चढावर मोटार बंद पडली. गाडा मागे ओढू लागला. ब्रेक धरेना. कृष्णाजींनी डोळे मिटून घेतले.

गाडा थांबला.

ते उतरून मागे गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चाकामागे दगड होता, आणि तळहातांच्या घामाने तो अजून ओला होता.

त्यांनी पुढे जाऊन हँडल फिरवलं. मोटार सुरू झाली. ते जागेवर येऊन बसले, तोच मागून फळीवर दोन थापा पडल्या.

माथ्यावर पोहोचल्यावर त्यांनी मोटार थांबवली. मागे वळून बघायचा धीर होईना.

"नानूराम," ते कसेबसे म्हणाले, "आ भिया, बैठ. आगे बैठ."

शेजारची रिकामी गादी हळूहळू खाली दबली.