साच्याचं तेल

पहिला केस सुटला तेव्हा ठकुबाईने हात मागे घेतला. ओढ्याच्या काठी, धुण्याच्या दगडावर ती बसली होती. पुढ्यात दहा वर्षांची लेक, रतन. पोरीच्या मानेवर सुंभासारखी जट लोंबत होती आणि त्या सुंभातून एक केस अख्खा, सरळ बाहेर आला होता. ठकुबाईने आधी आभाळाकडे बघितलं. काही झालं नाही. मग तिने बाटलीतलं तेल पुन्हा बोटावर घेतलं.

ती जट आपल्यामुळेच झाली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आषाढात पोर मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली आणि इकडे भातलावणी अंगावर आलेली. ठकुबाई पहाटे चिखलात उतरायची ती दिवेलागणीला घरी यायची. पोरीच्या डोक्याला फणी लागली नाही. ताप उतरला तेव्हा केसांचा गोळा झाला होता. सासूने, साळूबाईने, तो हातात धरून बघितला आणि कपाळाला लावला. देवी आली, म्हणाली.

साळूबाईच्या डोक्यावर स्वतःची जट होती, लेक गेनू पोटात असल्यापासूनची. दोरखंडासारखी जाड. तिच्या ओझ्याने म्हातारीची मान एका अंगाला कलली होती आणि झोपायचीही ती एकाच कुशीवर. अशा बाईच्या शब्दापुढे घरात कोण बोलणार? पुनवेला रतनला देवीला वाहायचं ठरलं. एकदा वाहिली की पोर देवीची. तिला नवरा नाही, लेकरं नाहीत, परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. शाळेतल्या पोरी आतापासूनच तिच्या पाया पडू लागल्या होत्या आणि खेळायला बोलवायच्या बंद झाल्या होत्या.

तेल नवऱ्याने, गेनूने, आणलं होतं. तो पुण्याला रबराच्या कारखान्यात होता. साच्याला रबर चिकटू नये म्हणून तिथं हे तेल मारत. पाण्यासारखं, बिनवासाचं. नाव सिलिकॉन का कायसं. गावातल्या बाया म्हणायच्या, गेनूच्या हाताला आता काही चिकटत नाही, चिखलही नाही आणि पगारही नाही. हे केसाला चालेल का, असं ठकुबाईने विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं. हाताला काही होत नाही, केसाचं कुणाला माहीत. मग बाटली तिच्या हातात कोंबून तो भोरच्या एस.टी.साठी निघाला. वळून एवढंच म्हणाला, “आईला माजं नाव सांगू नगंस.”

रोज धुण्याच्या निमित्ताने ठकुबाई पोरीला ओढ्यावर नेई. जट आतून सैल करी आणि वरून पुन्हा गुंडाळून ठेवी. शुक्रवारी साळूबाई त्या जटेला हळद लावायला बसली. पाण्यात कालवलेली हळद केसांवर ठरेना. अळूच्या पानावरून पाणी घरंगळावं तशी थेंब थेंब होऊन खाली आली. म्हातारीने बोटं चोळून बघितली, नाकाशी नेली. सुनेकडे बघितलं आणि उठली.

दुसऱ्या दिवशी फणी पहिल्यांदा मुळापासून टोकापर्यंत गेली. बाहेर आली ती केसांनी भरून. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. दगडावर केसांचा पुंजका जमला. तेलाने मुळं जाळली, नाहीतर देवीने दावा साधला. आधी आपण पोरीच्या डोक्याकडे बघितलं नाही आणि आता बघितलं ते असं. पुनवेच्या आधीच पोर बोडकी होणार आणि ती आपल्या हाताने.

“आये, रडतीस का? दुखत न्हाई मला,” रतन म्हणाली.

तेवढ्यात दगडावर सावली पडली. मान कललेली सावली. ठकुबाईने बाटली पदराखाली घेतली, पण उशीर झाला होता. ती सासूच्या पायांवर कोसळली. पोरीला काही म्हणू नका आत्या, देवीचा कोप माझ्यावर येऊ द्या, असं काहीबाही बोलत राहिली.

साळूबाई खाली बसली. पुंजक्यातला एक केस उचलून तिने त्याचं मूळ उन्हात धरलं.

“जळल्याला न्हाई ह्यो. तापाचं झडणं हाय,” ती म्हणाली. “ताप उतरल्यावर दोन म्हैन्यांनी झडत्यातच. म्होरं नवं येत्यात. माजंबी झडलं व्हतं, गेनूच्या वक्ताला.”

ठकुबाईने सासूच्या जटेकडे बघितलं. “तुमालाबी तापच आलता, आत्या?”

म्हातारीने रतनच्या मोकळ्या केसांवरून एकदा उलटा हात फिरवला. मग डोईवरचा पदर मागे सारला, कललेली मान सुनेच्या मांडीशी आणली आणि पोरीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

“बाटलीत उरलंय का गं थोडं?”