आतली बाजू

फॉर्मची एक बाजू भरलेली होती आणि दुसरी कोरी. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावरून परत टेलरबाईंकडे सरकवला.

"काकू, ही बाजू राहिली. खाली लिहिलंय बघा, 'उलट पाहा'."

टेलरबाईंनी ते वाचलं होतं. पण 'उलट' हा शब्द दिसला की त्यांची नजर आपोआप पुढे सरकायची. त्यांच्या दुकानात कापडाला एक सुलट बाजू असायची आणि दुसरी 'आतली'. गिऱ्हाइकांच्या जिभेलाही त्यांनी तेच वळण लावलं होतं. 'उलट' म्हटलं की त्याच्या मागोमाग तो दुसरा शब्द येतो, आणि तो आला की पोटात ढवळायला लागतं.

"आतली होय," त्या म्हणाल्या. "भरते मग."

त्यांच्या गळ्यावरची गाठ लिंबाएवढी झाली होती. जन्मभर धाग्याला गाठी मारल्या, ही तेवढी न मारता बसली, असं त्या हसत सांगायच्या आणि स्वतःसाठी उंच कॉलरचे कपडे शिवायच्या. गाठ साधी होती, सगळं तपासून झालं होतं. घाई नाही, पण काढलीत तर चार घास सुखानं गिळाल, असं सर्जन म्हणाले होते. टेलरबाईंनी दोनदा तारीख घेतली होती आणि दोन्ही वेळा टांग मारली होती. कापाकापीचं त्यांना काही नव्हतं, सगळं आयुष्य सुया-कात्र्यांत गेलेलं. त्यांना भीती वाटत होती ती शुद्धीवर आल्यानंतरची.

डॉक्टरीणबाईंनी भरलेली बाजू वाचायला घेतली. "पूर्वी भूल उतरल्यावर उलट्या झाल्या होत्या का? इथे तुम्ही लिहिलंय, 'ते झालं होतं. अकरा वेळा.'" त्यांनी हसू दाबलं. "मोजल्या होत्या?"

"मोजणं हाच तर धंदा आहे माझा."

"कधीची गोष्ट?"

"अडतीस वर्षं झाली. अपेंडिक्स काढलं तेव्हाची."

"अहो, तेव्हाची औषधं वेगळी. आता मळमळ होऊ नये म्हणून आधीच इंजेक्शन देतो. तुम्हाला हुंगायच्या औषधाऐवजी शिरेतूनच भूल देईन, त्यानं त्रास कमी होतो. बऱ्याच जणांना काहीच होत नाही."

"आणि झालंच तर?"

"तर आणखी औषध आहे. एखाददुसऱ्या वेळेत थांबतं."

"आणि त्या एखाददुसऱ्या वेळेला?"

"सिस्टर असतात. ट्रे असतो."

"कपाळ कोण धरतं?"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"कपाळ. ते कोणीतरी धरायचं असतं ना. नाहीतर वाटतं, सगळं डोकंच बाहेर पडणार आता." टेलरबाईंनी कॉलर वर ओढली. "आईनं धरलं होतं. अकराही वेळा."

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. 'शुद्धीवर येताना जवळ कोण असेल? नाव, नातं, फोन.'

"हे भरल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही काकू," त्या हळूच म्हणाल्या. "घरातलं कोणीही चालेल. शेजारचं चालेल."

टेलरबाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. खाली दुकान, वर एक खोली. दिवसभर बायका त्यांच्यासमोर हात पसरून उभ्या राहत. अर्ध्या गावाचे खांदे आणि दंड त्यांना तोंडपाठ होते. त्यांना स्वतःला कोणाचा हात लागून किती वर्षं झाली, तेवढं मात्र त्यांनी मोजायचं टाळलं होतं. आत्ता त्या खुर्चीत बसल्या बसल्या ते मोजलं गेलं, आणि त्यांना फार एकटं वाटलं.

मग त्यांनी पेन उचललं. एक नाव लिहिलं, पाठ असलेला एक नंबर लिहिला आणि फॉर्म सरकवला.

"नातं राहिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कोट शिवायला टाकलाय तिनं माझ्याकडे. लोकरीचा."

"म्हणजे गिऱ्हाईक?"

"हो. तसं लिहिलं तरी चालेल."

"त्यांना विचारलंय तुम्ही?"

"छे. असं कसं विचारणार? शुक्रवारी कोट तयार होतोय, एवढंच सांगितलंय." टेलरबाईंनी पर्स मांडीवर सरळ केली. "तुम्ही ऑपरेशन शुक्रवारचंच ठेवा."

"पण काकू, त्या कोट न्यायला दुकानात येतील. इथे कशाला येतील?"

"कोट मी इथे घेऊन येणार आहे. दुकानाच्या दाराला चिठ्ठी लावते, कोट दवाखान्यात मिळेल म्हणून. थंडी पडलीय, येईलच ती. हात गार असतात तिचे. बाहीचं माप घेताना लागतात ना. कपाळाला बरे."

नात्याच्या जागी डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहिलं, पण ते टेलरबाईंना उलट्या बाजूने वाचता आलं नाही.

"तेवढं एक सांगा डॉक्टर," टेलरबाई म्हणाल्या, "मी शुद्धीवर नेमकी किती वाजता येईन? चिठ्ठीवर वेळ घालायचीय."