लाल रेघ

पाच वर्षांपूर्वी खांबावर चिखलालगत ओढलेली लाल रेघ आज चिखलापासून वीतभर वर दिसत होती. खांब खाली खडकात ठोकलेला. म्हणजे जमीनच खचली होती. भोवतालची खारफुटी मी लावलेली. ही झाडं समुद्राला थोपवतील, घरं सोडू नका, असं मीच दारोदार सांगितलं होतं. तरी शेजारी एकेक करून गेले. बाबा तेवढे राहिले. "पळपुटे लेकाचे!" खारफुटीचं पान कुरवाळत ते म्हणाले. "माझी पोर उगीच का शिकलीय?" मग चष्मा पुसून त्यांनी रेघ न्याहाळली. "यंदाही वर चढली गं! म्हणजे झाडं समुद्राला खाली रेटतायत, जोमात आहेत, ना?" गेली दोन वर्षं या प्रश्नावर मी मान डोलावत आले होते. आमच्या पाठीमागे घराच्या पहिल्या पायरीला भरतीचं पाणी लागलं होतं. "नाही बाबा. जमीन खचतेय. माझी झाडं पुरणार नाहीत. आपणही निघू या."