भुंडी मनगटं

"सखू, हिरव्या भर गं. नातीच्या लग्नात भुंडे हात घेऊन बसू का?" काचेच्या खोलीतून इंदूताई ओरडल्या.

"भरते की, मावशी," बाहेर टोपली घेऊन बसलेली सखू कासारीण म्हणाली. "पण तुमची डॉक्टर लेक दार उघडू देईना."

हेमांगीने मान खाली घातली. रोगांशी लढायचं सोडून आईचेच सांधे कुरतडणारी शरीरातली फौज तिनंच स्वतः शोधलेल्या औषधानं कायमची झोपवली होती. सूज उतरली, वाकडी बोटं सरळ झाली. पण ती फौज आता साध्या सर्दीशीही लढेना. तेव्हापासून आईला कुणी शिवलं नव्हतं.

"बांगड्या उकळून आत देते, आई. तूच चढव."

"स्वतःच्या हातानं कुणी चुडा भरतं का? मोठी शहाणी!"

"अगं, नुसत्या खोकल्यानं मरशील!"

"ठाऊक आहे."

ज्या बोटांना पूर्वी बाटलीचं झाकण फिरत नव्हतं, त्यांनी आतली कडी सहज काढली. इंदूताई सखूसमोर मांडी घालून बसल्या आणि हात पुढे केला.

"दाब जोरात. आता दुखत नाही."

हेमांगी धावली आणि अर्ध्यातच थांबली. सकाळपासून तिचं नाक गळत होतं.